उशी कुठल्या बाजूला

मंगळवार, ४ मार्च

प्रिय मोजणीदार,

काल फोनवर तू म्हणालास, "दोन दिवस बाहेर कुठेतरी भेटू. घरात आपलं बोलणं होत नाही, भाषण होतं." आणि फोन ठेवलास. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. म्हणून हे पत्र. पत्राची एक सोय आहे. तू मध्येच बाजूला ठेवलंस तरी मला कळत नाही.

भेटू या बाहेर. आपल्या घरी नको आणि तुझ्या ताईकडेही नको. थंडी सुरू झाल्यापासून तू तिथे राहतोयस, आणि मी आले की ताई स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात लावतात. दोन दिवस, एक खोली, आजूबाजूला झाडं, आणि आपल्या दोघांच्या पगाराला झेपेल असं काहीतरी. त्यानंतर तू घरी येतोस की ताईंकडचं कपाट कायमचं घेतोस, ते ठरेल. जागा मी शोधते. तू शोधलीस तर खोलीची लांबी-रुंदी अचूक असेल आणि बाकी काहीच नसेल.

शोधायला सुरुवातही केली. सकाळी वर्गात क्रांती शिकवली आणि दुपारी शिक्षकखोलीतल्या कॉम्प्युटरवर 'जोडप्यांसाठी खास' असं शोधत बसले. भूगोलाच्या बाई मागून येऊन म्हणाल्या, "कुणाचं लग्न?" मी म्हटलं, "माझंच. झालेलं आहे. टिकवायचं चाललंय." त्या बिचाऱ्या चहा न घेताच गेल्या.

तू पाहा तरी त्या जाहिराती. प्रत्येक पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसलेले. पाकळ्या. मेणबत्त्या. प्रेमाला टॉवेलचा हंस लागतो हे कुणी ठरवलं? हंस घडवणारी बाई पहाटे कितीला उठते, तिला स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला वेळ मिळतो का, हे एकाही जाहिरातीत नाही. जगातलं सगळं प्रेम भाड्याने देतायत आणि चादरी धुणाऱ्या हातांचं कुठे नाव नाही. बरं, थांबते. सुरू झालं माझं, मला कळलं.

तळ्याकाठच्या एका हॉटेलात बसने जाऊनही आले. कमानीवर लाल दिव्यांचा बदाम होता, त्याचे अर्धे दिवे गेलेले. मॅनेजर तरुण आणि फार गंभीर होता.

"किती जण?"

"दोघं. नवरा-बायको."

"एकमेकांचेच ना, मॅडम? नाही, रजिस्टरला लिहावं लागतं."

मी म्हटलं, "तेच ठरवायला येतोय." त्याने पेन खाली ठेवलं. खोलीत गुलाबी पडदा, त्यामागे जनरेटर. तिथे आपण एकमेकांवर ओरडलो असतो तरी ऐकू आलं नसतं. तसं बघितलं तर सोयीचंच. पण नको.

आता एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे ती आपल्या मध्ये टॉवेलच्या हंसासारखी बसून राहणार नाही. चौकातल्या सभेत मी म्हणाले होते, "हा हमरस्ता ज्याने कागदावर आखला, त्याने ही दरी डोळ्यांनी पाहिलेली नाही." मला वाटलं तू ऑफिसात आहेस. तू घरी होतास, गच्चीवर, माझे मोजे वाळत घालत होतास आणि भोंग्यातून सगळं ऐकत होतास. दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. ते वाक्य मी मागे घेत नाही. तू दरी पायी हिंडलास, उन्हात दुर्बीण लावून उभा राहिलास, हे मला तेव्हाही माहीत होतं. सगळं पाहूनही आखलीस ही रेघ. हे तर जास्तच वाईट आहे.

शोध चालू ठेवते.

तुझा भोंगा
(नाव तूच ठेवलंयस, आता बदलता येणार नाही.)

सोमवार, १० मार्च

प्रिय मोजणीदार,

सापडली.

शहरातून सुटणाऱ्या शेवटच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, मग ओढ्याच्या काठाने चालत जायचं. जुनी पिठाची गिरणी आहे. चक्की कधीच बंद पडली. आता एक निवृत्त नर्स आणि तिचा नवरा तिथे राहतात आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. पाटी नाही, कमान नाही, हंस नाही. टॉवेल घडी करून ठेवलेला, टॉवेलसारखा.

नवऱ्याला कमी ऐकू येतं, आणि नर्सबाईंना त्याच्याशी बोलण्यापेक्षा त्याच्याबद्दल बोलणं सोपं जातं.

"हे बघा, आता विचारतील कोण आलंय."

"कोण आलंय?" तो म्हणाला.

"बघा."

मला त्या दोघांचा हेवा वाटला. तिथे राहण्याची सोय फार साधी आहे. आंघोळीचं पाणी खाली तापवतात आणि बादली आपण वर न्यायची. तुझ्या दुखऱ्या पाठीचं मी विचारलं, तर नर्सबाई म्हणाल्या, "बादली मी नेईन, त्यांना फक्त येऊ दे." वरच्या खोलीत एक रुंद लाकडी खाट आहे, भिंतीला टेकवलेली. खिडकी बागेकडे उघडते. फळझाडं जुनी आहेत, खोडं पोकळ झालीत, तरी या दिवसांत पांढरी फुलं आली होती. खिडकी उघडली की एक फांदी आत येते. बंद करताना तिला हाताने बाहेर ढकलावं लागतं. नर्सबाई म्हणाल्या, "छाटा म्हणतात सगळे. पण मग पाहुणे कशाला येतील?"

मी खाटेवर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाही. तुझा विश्वास बसणार नाही, पण साक्षीला नर्सबाई आहेत.

आपण आजवर कधी एकटे कुठे राहिलो? मी जिथे जिथे भाषणाला गेले तिथे तू सोबत यायचास आणि आपण कार्यकर्त्यांच्या घरी एकाच सतरंजीवर दहा जणांबरोबर झोपायचो. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला मी तुला गिरणी कामगारांच्या अधिवेशनाला नेलं होतं. तू तिथे कापडी फलकाची काठी धरून उभा होतास आणि मला वाटत होतं, याहून सुंदर काय असणार. अजूनही वाटतं. पण एखादी फांदी आत येणारी खिडकीही असावी माणसाच्या आयुष्यात, एवढंच.

शनिवार, २२ तारीख धरून ठेवली आहे. या कागदाच्या मागे रस्त्याचा नकाशा काढला आहे, कारण तिथे विचारायला रस्त्यात कुणी भेटत नाही. ओढा, पडकी भिंत, वळणावरचा मोठा दगड, मग गिरणी. हसू नकोस. उत्तर दिशा मी अंदाजाने दाखवली आहे.

ये.

तुझा भोंगा

शनिवार, १५ मार्च

मोजणीदार,

तुझं पाकीट मिळालं. माझाच नकाशा परत, त्यावर पट्टीने ओढलेली तुझी लाल रेघ, आणि खाली तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात: "हमरस्ता खाटेवरून जातो. उशी कुठल्या बाजूला ठेवू?"

मी हसले. आधी हसले आणि मग खुर्चीत बसून राहिले.

नकाशा काढून पाठवायचा आणि तोही मोजणीदाराला. हे फक्त मीच करू शकते. तू माझं पत्र वाचलंच नसशील आधी. कागद उलटा केला असशील, दगड बघितला असशील, आपल्या तक्त्यावर तो दगड शोधला असशील, आणि मग टेबलावर पट्टी.

तू विचारलं नाहीस, पण विचारल्यासारखंच आहे: जगात इतक्या दऱ्या असताना हीच का? मला माहीत नव्हतं असं लिहिणार होते. तीनदा लिहिलं आणि खोडलं. दरी मला माहीत होती. बस कुठे जाते हे माहीत होतं. गिरणी नेमकी रेघेखाली येते, हे माहीत नव्हतं. हे पूर्ण खरं आहे आणि तुला ते अर्धंच वाटणार. मला वाटलं, तू त्या खिडकीत उभा राहशील, फांदी तुझ्या तोंडाला लागेल, आणि मला काहीच बोलावं लागणार नाही. हो, हाच डाव होता. डाव आणि प्रेम वेगवेगळं ठेवायला मला जमत नाही. मी ज्याच्यावर प्रेम करते त्याला मला पटवायचंच असतं. ज्याचं काही पडलेलंच नाही त्याला कोण पटवत बसतं?

आणि तुझ्या लाल रेघेबद्दलही एकदा ऐक. ती रेघ ओढायला तुला किती वेळ लागला? पेन्सिलीला तिथे काही आडवं आलं? फांदी लागली? नर्सबाईंचा नवरा "कोण आलंय?" म्हणाला? नाही ना. हाच माझा सगळा मुद्दा आहे, गेले कित्येक महिने, प्रत्येक चौकात. कागदावर सगळ्या जागा रिकाम्या असतात. तिथे माणसं कुणीतरी जाऊन भरावी लागतात, आणि ते काम तुमच्या खात्यात कुणाकडेच नाही. तू वाईट माणूस आहेस असं मी एकदाही म्हटलेलं नाही. अचूक माणसाने आखलेली चूक खोडायला सर्वांत जड जाते, हे मात्र म्हणते.

झालं भाषण. बघ, तू बरोबर होतास. दोन दिवस असंच चाललं असतं, फुलांच्या वासात.

गिरणीतली खोली सोडली. नर्सबाईंना खरं कारण सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "त्यांना जमत नाहीये." त्या म्हणाल्या, "रुसलेत?" मी म्हटलं, "नाही. मोजलंय." त्यांना काही कळलं नाही. त्यांनी एक फुललेली डहाळी कागदात बांधून दिली. ती टेबलावर आहे, वाळतेय.

तारीख तीच ठेव. दुसरी जागा शोधते.

भोंगा

बुधवार, १९ मार्च

प्रिय मोजणीदार,

आता मी तुला अशी जागा सांगते जिच्यावरून कुणीही, कधीही, काहीही नेणार नाही.

दरीच्या पार उलट्या बाजूला, बाजाराच्या गावात, शिवणकामाच्या दुकानावर एक खोली आहे. शिवणारी बाई खाली मशीन चालवते आणि वरची खोली फिरत्या विक्रेत्यांना देते. मला ओळखत नाही. माझं एकही भाषण ऐकलेलं नाही. तिने मला नाव विचारायच्या आधी माझ्या ब्लाउजची बाही बघितली आणि म्हणाली, "हे कुणी शिवलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना हात कसा असतो ते माहीत नाही." किती दिवसांनी कुणी माझ्यावर टीका केली आणि मला राग आला नाही.

खोलीला खिडकी आहे. ती भिंतीकडे उघडते. शेजारच्या गोदामाची पाठ, हातभर अंतरावर, चुन्याची, डाग पडलेली. बघण्यासारखं काही म्हणजे काहीच नाही. मी विचारलं, "जोडपी येतात का इथे?" ती म्हणाली, "येतात की. बाहेर बघायचं नसतं त्यांना." दर ऐकून मी पुन्हा विचारला, इतका कमी. गावाबाहेर चालायला निघालं तर शेतातून पायवाट जाते, आणि ती कुठल्याच आंदोलनात नाही, याची चौकशी मी केली आहे.

किल्ली एकच आहे. बाहेर जाणाऱ्याने ती जिन्याखालच्या खुंटीला अडकवायची. खुंटीवर किल्ली दिसली की वर कुणी नाही, नसली की आहे. दुसरी किल्ली का नाही असं विचारल्यावर म्हणाली, "दोन दिल्या की माणसं वेगवेगळी येतात-जातात. मग आपलं कोण कुठे, मला कळत नाही."

मी जागा घेतली.

आता जे लिहायचं टाळतेय ते. हमरस्त्याच्या जनसुनावणीची तारीख अलीकडे आणली आहे. शनिवार, २२. सकाळपासून. पत्र आज दुपारी आलं. तुलाही आलं असेलच, तक्त्यांसह हजर राहा म्हणून.

बेकरीवाले संध्याकाळी घरी आले होते. हमरस्त्याविरुद्धच्या आमच्या समितीत सर्वांत आधी सही त्यांची होती. म्हणाले, "बाई, तुम्ही बोलणार ना?" मी म्हटलं, "माझं त्या दिवशी एक काम आहे." ते म्हणाले, "घरचं?" मी म्हटलं, "हो." त्यांनी टोपी हातात फिरवली आणि म्हणाले, "मग समितीच्या वकीलबाई बोलतील. बोलतात त्या चांगलं. नुसतं मागच्या रांगेला ऐकू येत नाही." आणि गेले. मला सोडून देत होते रे ते. एवढं कुणी करत नाही.

मी भाषण लिहून वकीलबाईंना द्यायला बसले. पहिलं पान लिहिलं. मग वाटलं, ही वाक्यं दुसऱ्या कुणाच्या तोंडी गेली तर मी त्या भिंतीच्या खिडकीत बसून दिवसभर ती मनातल्या मनात म्हणत राहीन आणि तू समोर असूनही तुला बघणार नाही. तुला अर्धी बायको भेटेल. अर्धीला तू आधीच सोडून गेला आहेस, हो ना? की अर्धीपासून सुटका हवी होती आणि दुसरी अर्धी हवी आहे? हे मला कळत नाही आणि विचारायची भीती वाटते.

म्हणून मी बोलणार आहे. तुझ्यासमोर, तुझ्या तक्त्यांसमोर, पूर्ण ताकदीने. तूही कमी बोलू नकोस. मला वाचवू नकोस. आणि सुनावणी संपली की तू तुझ्या साहेबांच्या गाडीतून घरी जा किंवा बाजाराच्या गावची बस धर. शिवणारीला सांगून ठेवलंय, एक उंच, वाकून चालणारा माणूस आला तर किल्ली द्या.

आलास तर ये. नाही आलास तर किल्ली खुंटीवर असेल आणि मला उत्तर मिळेल. पत्र नको पाठवूस. तुझं अक्षर फार स्वच्छ आहे, ते वाचून आशा ठेवता येत नाही.

तुझी

शनिवार, २२ मार्च, संध्याकाळ

जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून लिहितेय. शिवणाऱ्या बाईने मापं लिहायची पेन्सिल आणि कागद दिला आहे. म्हणाली, "वर जाऊन लिहा की." मी म्हटलं, "वर गेले तर बोलेन." तिने मशीन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू केलं.

मी चिडलेली आहे. मी वर यायच्या आधी तुला हे माहीत असू दे.

मी ओढ्याबद्दल बोलत होते. हॉल माझ्या हातात होता, ते तुलाही कळत होतं, तू खाली बघत होतास. मी म्हणाले, रस्त्याच्या भरावाने गिरणीचा ओढा आटेल. आणि तू हात वर केलास. शाळेतल्या मुलासारखा. उठून म्हणालास, "ओढा भरावाच्या वरच्या अंगाला आहे. पाणी अडणार नाही." आणि बसलास. तुझ्या साहेबांनी पहिल्यांदा मान डोलावली.

त्या क्षणी माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. तयार, धारदार. घरातल्या माणसाबद्दल. ते टाकलं असतं तर छप्पर उडालं असतं आणि तुझा ओढा कुणाला आठवला नसता. मी तुझ्याकडे बघितलं. तुझ्या शर्टाची कॉलर उलटी बसली होती. ताईंच्या घरी कुणी सांगत नाही वाटतं. आणि मी म्हणाले, "ते बरोबर सांगतायत. ओढ्याचं माझं चुकलं. घरांचं चुकलेलं नाही." हॉल थंड पडला. बेकरीवाले बाहेर पडताना माझ्याशी बोलले नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, "हे आधी तपासायला हवं होतं, बाई." त्यांनाही मागच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलता येतं, हे आज समजलं.

मग अध्यक्षांनी तुला विचारलं, गिरणीची इमारत वापरात नाही असं अहवालात आहे, बरोबर? आणि तू उभा राहिलास आणि म्हणालास, "वरच्या खोलीत खाट आहे. खिडकी बागेकडे उघडते. बंद करताना फांदी हाताने बाहेर ढकलावी लागते."

"तुम्ही पाहिलंय?"

"नाही. वाचलंय."

"वाचलेलं नोंदवता येत नाही."

"हरकत नाही," तू म्हणालास. "ऐकून तरी घ्या."

लोक हसले. मी हसले नाही. इतकी वर्षं मी हजारो माणसांसमोर बोलत आले आणि माझं एक वाक्य तुझ्या तोंडून ऐकल्यावर मला कळलं की ते कसं ऐकू येतं. हळू. आणि न थांबवता येण्यासारखं.

त्यामुळे काही बदललं असं समजू नकोस. निकाल पुढच्या महिन्यात आहे. तुझी रेघ जिथे होती तिथेच आहे आणि मी तिला आडवी उभी आहे. सोमवारी तू तुझ्या टेबलाशी असशील, मी चौकात. मला बेकरीवाल्यांची समजूत काढावी लागेल आणि तुझे साहेब तुला आत बोलावतील. हे सगळं आहे तसं आहे. या खोलीला भिंतीची खिडकी आहे म्हणून ते नाहीसं होत नाही.

बसमधून येताना मी मनाची तयारी करत होते. खुंटीवर किल्ली असेल, मी ती काढेन, वर जाईन, भिंतीकडे बघत बसेन, उद्या सकाळच्या बसने परत. ताईंकडचं कपाट तुझं. अगदी शब्दांसकट तयार होते.

खुंटी रिकामी आहे.

मी शिवणाऱ्या बाईला विचारलंसुद्धा, किल्ली हरवली तर नाही ना. ती म्हणाली, "किल्ली कशाला हरवेल? तासाभरापूर्वी आले. आंघोळीच्या पाण्याची बादली स्वतः वर नेली. पाठ धरून. मी म्हटलं ठेवा, तर ऐकेनात."

ही चिठ्ठी दाराखालून आत सरकवते. उशी कुठल्या बाजूला ते तूच ठरव, इथे काहीच आडवं जात नाही. वाचून झालं की दार उघड. मी बोलणार नाही. निदान जिना चढून लागलेली धाप उतरेपर्यंत.

कॉलर सरळ कर.